नव्या गाडीतली फीचर्स: कोकणातल्या रस्त्यावर कामाची कुठली, डोक्याला ताप कुठली?

सडेकर
आमची जुनी डिझेल हॅचबॅक थकली. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण खाऱ्या हवेने पत्र्याची वाट लागली. पावसात मागच्या सीटच्या पायाशी पाणी साचतं. तेव्हा नवी गाडी घ्यायची असं घरात एकमताने ठरलं (ही घटना आमच्याकडे दुर्मीळ).

शोरूममध्ये गेलो. सेल्समनने इंजिनबद्दल अवाक्षर काढलं नाही. डॅशबोर्डवरच्या दिव्यांचे रंग बदलून दाखवले, मग सीटला हवा कशी येते ते दाखवलं. "चढाला कशी आहे?" विचारलं तर म्हणाला, "सर, नुसतं तोंडाने सांगा, सनरूफ उघडतं."

मी गुहागरच्या बाजूला राहतो. घरापासून सड्यापर्यंत (वरच्या कातळाच्या पठारापर्यंत) एकेरी चढ, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे (दगडी कुंपणं), पुढे चिपळूणपर्यंत वळणंच वळणं. अधूनमधून कुंभार्ली घाट चढून कराड, नाहीतर मुंबई. जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो ते इथे सांगायला नको. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे.

मॉडेलची नावं नकोत, त्यावरून हाणामारी होते. फीचर्सबद्दल बोला. कशाने खरंच सोय झाली आणि कशाचा वैताग आला?

पॉपकॉर्नवाला
बसलो. होऊ दे चालू.

आगरातला
एकच सांगतो. एसीला गोल खटके असलेली गाडी घ्या. स्क्रीनवरचा एसी असेल तर शोरूममधूनच परत फिरा.

कारण सांगतो. कुंभार्लीत जुलैमध्ये वरच्या वळणांवर ढग रस्त्यावर उतरलेला असतो. गाडीत चार माणसं, कपडे ओले. काच आतून एका क्षणात पांढरी होते. जुन्या गाडीत डावा हात आपोआप जायचा, एक खटका काचेवर, दुसरा पंख्यावर, नजर रस्त्यावरून हलायची नाही. मेव्हण्याच्या नव्या गाडीत आधी गाण्याचं पान बंद करा, मग एसीचं पान उघडा, मग काचेचं चित्र शोधा. बोट ओलं असेल तर स्क्रीन ऐकतच नाही. तोवर समोरून एसटी.

युरोपातल्या एनकॅपवाल्यांनाही (गाड्या आपटून बघून सुरक्षेचे तारे देणारी संस्था) हे पटलंय. 2026 पासून पूर्ण तारे हवे असतील तर इंडिकेटर, हझार्ड, वायपर, हॉर्न आणि आणीबाणीचा कॉल यांना खरी बटणं किंवा दांड्या ठेवा असं त्यांनी कंपन्यांना सांगितलंय. एसीचं नाव त्या यादीत नाही, कारण त्यांच्याकडे कुंभार्ली नाही.

शेवंती
आगरातला, +1. फक्त एक दुरुस्ती. बऱ्याच गाड्यांत स्क्रीन असली तरी पुढच्या काचेचं धुकं घालवायला वेगळं बटण असतं. टेस्ट ड्राइव्हला ते डोळे मिटून सापडतंय का बघा. (गाडी उभी असताना मिटा.)

मी राजापूर तालुक्यात आरोग्य केंद्रात नोकरीला आहे, रोज गाडी चालवते. मला विचाराल तर हिल होल्ड. चढावर थांबून पुन्हा निघताना ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी दोन-तीन सेकंद मागे जात नाही. आमच्या वाडीच्या चढावर मधोमध म्हैस उभी राहते आणि मागे हमखास कोणीतरी बाइकवाला चिकटलेला असतो. पूर्वी हँडब्रेक, क्लच आणि देवाचं नाव असं तिन्ही लागायचं. आता देव मोकळा.

आणि टायरच्या हवेचा इशारा. रस्त्याची कामं संपता संपत नाहीत, खिळे आणि सळईचे तुकडे पडलेले असतात. हवा हळूहळू जाते तेव्हा हाताला काही कळत नाही. दिवा लागला की वेळेत पंक्चरवाला गाठता येतो.

चाकरमानी_दादर
मी उलट बाजूने बोलतो. मला एडास (कॅमेरा-रडारने ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा) आवडतं. एक्सप्रेस वेवर अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ लावायचं, पुढची गाडी हळू झाली की आपली हळू, ती पळाली की आपली पळते. पायाला खरोखर आराम.

पण मुंबई-गोवा महामार्गाला लागलो की मी लेन असिस्ट बंद करतो. कॅमेरा रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघून गाडी लेनमध्ये ठेवतो. इथे जुना पट्टा एकीकडे, नवा दुसरीकडे, मधेच डायव्हर्जन आणि पिंपं. खड्डा चुकवायला जरा उजवीकडे घेतलं की स्टिअरिंग हातातल्या हातात डावीकडे ओढ घेतं, म्हणजे बरोब्बर खड्ड्यात.

गडगाघाशा
म्हणजे गाडीला वाटतं खड्डा हीच लेन. चूक नाहीये तिची.

मालवणी_मेवो
माझ्या झिलान नवी गाडी घेतल्यान. परवा पुढच्या सीटीर फणस ठेवलंय आणि कुडाळाक निघालंय. गाडी जी बोंबलाक लागली ती थांबाक तयार नाय. टिंग टिंग टिंग. माका वाटला खयचो तरी दरवाजो उघडो आसा. मगे झिलाक फोन केलंय. तो म्हणता, "बाबा, फणसाक पट्टो बांधा."

बांधलंय. गप ऱ्हवली. नाक्यार पोलीस बघून हसलो.

शेवंती
😂😂 मेवो काका, फणस कापा होता की बरका?

मालवणी_मेवो
कापो. बरक्याक पट्टो बांधलंय आसतंय तर सीटीची वाट लागली आसती.

चाकरमानी_दादर
आमच्याकडे दरवर्षी पुढच्या सीटवर गणपती येतो. मूर्ती जराशी जड असली की सीटमधल्या सेन्सरला माणूस बसल्यासारखं वाटतं. आता आम्ही बाप्पाला बसवायच्या आधीच पट्टा मागून खोचून ठेवतो. भटजींनी आक्षेप घेतलेला नाही.

नियमावली
धाग्यात थोडी माहिती टाकतो. ही टिंगटिंग कंपन्यांनी हौसेने घातलेली नाही. 1 जुलै 2019 पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांत सीटबेल्टची आठवण, ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर आणि वेगाचा इशारा सक्तीचे झाले. 80 च्या वर गेलात की थांबून थांबून वाजतं, 120 च्या वर सलग. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं) त्याच्या थोडं आधी, त्याच वर्षी एप्रिलपासून सगळ्या नव्या गाड्यांना आलं.

लोक बेल्टच्या खाचेत नुसती पिन अडकवून आवाज बंद करतात आणि मोकळे बसतात. त्या पिना बाजारात सर्रास मिळतात. असं करणाऱ्याने निदान फणसाकडून शिकावं.

फिटर_वशिष्ठीकाठ
माझं गॅरेज आहे. तुम्ही जे हौसेने घेता ते नंतर माझ्याकडे येतं, म्हणून माझी यादी वेगळी आहे.

सनरूफ. छताच्या चार कोपऱ्यांतून पाणी खाली जायला बारीक नळ्या असतात. हे सनरूफ घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. गाडी आंब्याच्या कलमाखाली उभी. जानेवारी-फेब्रुवारीत मोहोर झडतो, तो काचेच्या पन्हळीत साचतो, त्यात धूळ आणि तुडतुड्यांचा चिकटा बसतो. नळीच्या तोंडाशी बूच तयार. मे महिन्यापर्यंत काहीच कळत नाही. पहिला मोठा पाऊस पडला की छताच्या दिव्यातून धार लागते आणि मालक म्हणतो, काच लीक आहे. काच ठीक असते. मी बारीक नायलॉनची दोरी घालून बूच काढतो, पाव किलो मोहोर निघतो. जोरात हवा मारू नका, नळी आतल्या आत सांध्यातून निसटते आणि मग छत उतरवावं लागतं.

उंदीर. नव्या गाडीत वायरिंगचं जंजाळ जास्त. चाकरमानी गाडी गावच्या पडवीत लावून आठवडाभर विसरतात. बॉनेटखाली ऊब असते. निघायच्या दिवशी डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम लागतात. पूर्वी वायर जोडली की काम व्हायचं, आता अख्खा हार्नेस (वायरींचा जुडगा) बदला म्हणतात.

तिसरं, काच. एडासचा कॅमेरा आरशाच्या मागे काचेला लागून असतो. खडी उडून काच तडकली तर नुसती काच बदलून भागत नाही, कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो. ते माझ्याकडे होत नाही, मोठ्या शहरात पाठवावं लागतं. विमा उतरवताना हे विचारून घ्या.

डिझेलवाल्यांसाठी शेवटचं. 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या कडक नियमांच्या) डिझेलला धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला सुमारे 600 अंश तापमान लागतं, म्हणजे गाडी सलग आणि बऱ्यापैकी वेगात पळायला हवी. घर ते बाजार, बाजार ते घर अशा फेऱ्या असतील तर फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो. सडेकर, तुमचं रोजचं चिपळूण असेल तर चालेल. नुसतं गावातल्या गावात फिरणार असाल तर पेट्रोल घ्या.

सडेकर
फिटरदादा, हे सोनं आहे. सनरूफ आमच्या यादीतून आत्ताच गेलं. अंगणात दोन हापूस आणि एक रायवळ आहे.

पॉपकॉर्नवाला
आणि माड किती? पॅनोरमिक काचेवर नारळ पडला तर आणीबाणीच्या कॉलचं बटण आपणहून दाबलं जातं का?

फिटर_वशिष्ठीकाठ
नारळाचं हसू नका. सुकलेलं झावळ पडलं तरी बॉनेटला पोचा येतो. माडाखाली गाडी लावणाऱ्याला कुठलंही फीचर वाचवत नाही.

बोटीवरचा
फेरीबोटीबद्दल कोणीच बोललं नाही. दाभोळ-धोपावे घ्या किंवा जयगड-तवसाळ घ्या. गाडी उतारावरून लोखंडी फळीवर चढवायची, समोर बोटीवरचा माणूस हाताने "ये, ये, ये" करत अगदी बंपरला खेटून उभा. गाड्या इतक्या जवळ लावतात की दार उघडत नाही. अशा वेळी चारही बाजूंचे सेन्सर एकदम ठणाणा करतात. परवा एका नव्याकोऱ्या एसयूव्हीने तो माणूस बघून स्वतःच कचकन ब्रेक मारला. पुढचं चाक फळीवर, मागचं धक्क्यावर. मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले. ड्रायव्हर बिचारा ओरडतोय, "मी नाही मारला, गाडीने मारला!"

बोटीवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "गाडीला सांगा, मला पोहायला येतं."

शेवंती
हा धागा जतन करून ठेवला पाहिजे.

भाडं_भरतो
पर्यटक आणतो-नेतो, बारा महिने गाडीवर असतो. आवडती चीज विचाराल तर वेंटिलेटेड सीट. हसू नका. एप्रिलमध्ये तारकर्ली ते मुंबई बसून दाखवा. सीटच्या बारीक भोकांतून हवा खेळते, पाठ सुकी राहते.

नावडती, इंजिन आपणहून बंद होणारं. माणगावच्या कोंडीत गाडी थांबली की इंजिन बंद, कंप्रेसर बंद, एसीची हवा कोमट. मागची आजी विचारते, "पेट्रोल संपलं काय रे?" बटणाने बंद करता येतं, पण पुन्हा चावी दिली की ते महाराज परत हजर. दर वेळी बंद करायचं.

आणि किनाऱ्यावर गाडी घालणारे. मुळात गाडी वाळूत घालणं हा गाढवपणा, पोलीस केस करतात ते बरंच करतात. पण यांना वाटतं बटणावर वाळूचं चित्र आहे म्हणजे गाडी वाळूची आहे. अर्ध्या जणांची गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालणारी असते. चाक फिरलं की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनची ताकद काढून घेतं, गाडी जागच्या जागी कुंथते, हा अजून अ‍ॅक्सिलरेटर देतो, चाक अजून रुततं. वर भरती. मग ट्रॅक्टरवाला येतो. ट्रॅक्टरला एकही फीचर नसतं आणि दर तो सांगेल तो.

चाकरमानी_दादर
माणगाव म्हणालात म्हणून. गणपतीत ड्युअल क्लच (दोन क्लचवाल्या) ऑटोमॅटिकचं काय होतं ते तिथे बघितलंय. कोरड्या क्लचवाली असेल तर इंचाइंचाने सरकताना क्लच सतत अर्धवट धरलेला राहतो आणि तापतो. स्क्रीनवर इशारा, गाडी बाजूला घ्या. बाजूला घ्यायला जागा कुठे? क्लच तेलात बुडालेला असेल तर एवढं होत नाही. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद देणारी ऑटोमॅटिक) सगळ्यात निवांत.

आगरातला
आणि एएमटी (साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअर यंत्र बदलतं)? चढावर गिअर बदलताना मधेच दम घेते.

चाकरमानी_दादर
घाटात मॅन्युअलवर टाकून दुसऱ्यात ठेवायची. उतरतानाही तेच, नाहीतर ब्रेक तापतात. कुठलीही ऑटोमॅटिक असो, उतारावर तिला गिअर तुम्हीच सांगा.

आंबोलीकर
दिव्यांबद्दल बोलायचंय. नव्या गाड्यांचे पांढरे एलईडी म्हणजे समोरच्याला शिक्षा. आंबोलीत धुक्यात तर त्यांचा चालवणाऱ्यालाही उपयोग नाही, समोर पांढरी भिंत उभी राहते. जुने पिवळे हॅलोजन धुकं कापायचे. आता पिवळे दिवे देतच नाहीत.

तरंगलांबी
पिवळा प्रकाश धुकं कापतो ही लोकप्रिय समजूत आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने बरेच मोठे असतात, त्यामुळे ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. फरक पडतो तो दिव्याच्या उंचीने आणि झोताने. बंपरमधला खालचा फॉगलँप रस्त्याजवळून रुंद झोत टाकतो, तो धुक्यातून परत डोळ्यांत येत नाही. हेडलाइट अपर मारला तर रंग कुठलाही असो, भिंत दिसणारच.

आंबोलीकर
तरंगलांबीसाहेब, पुस्तकातलं बरोबर असेल. मी त्या घाटात लहानाचा मोठा झालो. मला पिवळ्यात दिसतं.

तरंगलांबी
पिवळ्याने डोळ्यांना त्रास कमी होत असेल, ते मी नाकारत नाही. जुन्या दिव्यांचा उजेडही कमी होता, म्हणून उलट चमकही कमी. पण "कापतो" म्हणू नका.

आंबोलीकर
बरं, कापत नाही. सोलतो.

शेवंती
दोघेही मूळ रोग विसरलात. धुक्यात चारही इंडिकेटर चालू ठेवून पळणारे! हा माणूस उभा आहे, वळतोय की सरळ जातोय, काहीच कळत नाही. कशेडीच्या बोगद्यात शिरतानासुद्धा लावतात. बोगद्यात ऑटोवर ठेवलेले हेडलाइट आपोआप लागतात, पुरे की तेवढं. हझार्डचं बटण थांबलेल्या गाडीसाठी आहे.

विजेवरचा
ईव्हीवाला बोलू का? कोकणातून कोल्हापूरला कामाला जाणं होतं. गगनबावड्याकडून खाली येताना ब्रेकला जवळजवळ हात लावावा लागत नाही.

गडगाघाशा
ब्रेकला हात लावत असाल तर आधी ड्रायव्हिंग स्कूल गाठा.

विजेवरचा
पाय! पाय लावावा लागत नाही. मोटरच गाडी अडवते आणि बॅटरीत चार्ज परत येतो. टक्का वाढताना बघून आईला आनंद होतो. एक गोष्ट मात्र डीलर सांगत नाही. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते, मग मोटरची ती अडवणूक फार कमी होते. घाटमाथ्यावर मुक्काम करून 100 टक्के भरून उतरू नका. थोडी जागा ठेवा.

नावडतं, फोनवरचं अ‍ॅप. गाडी इंटरनेटने जोडलेली असते म्हणे. आमच्या वाडीत रेंज नाही. अ‍ॅपमध्ये गाडी अजून सड्यावरच उभी आहे.

फिटर_वशिष्ठीकाठ
चावीचं राहिलं. बटणाची चावी खिशात ठेवून लोक समुद्रात उतरतात. खारं पाणी गेलं की संपलं. पण नुसता सेल उतरला असेल तर घाबरू नका. बहुतेक चाव्यांच्या पोटात लोखंडी पातं असतं, त्याने दार उघडतं. मग ती मेलेली चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून दाबायची, बहुतेक गाड्या सुरू होतात. जागा गाडीगणिक वेगळी, पुस्तकात दिलेली असते. ते पुस्तक डिकीत सील फोडल्याविना पडलेलं असतं.

सडेकर
सगळ्यांचे आभार. काल पुन्हा शोरूमला गेलो. या वेळी बाबांना नेलं. 360 कॅमेरा बघून ते हरखले. आमच्या गडग्यांच्या मधून मागे जाताना खरंच उपयोग होईल असं मलाही वाटलं. बाकी, गोल खटके हवेत, हिल होल्ड हवा, सहा एअरबॅग हव्यात, सनरूफ नको. गंमत म्हणजे सहा एअरबॅग हव्या असतील तर त्या मॉडेलमध्ये वरचं व्हेरिएंट घ्यावं लागतं आणि त्यात सनरूफ असतंच. काढून देता का विचारलं. सेल्समनने माझ्याकडे दयेने बघितलं.

गडगाघाशा
360 कॅमेऱ्याच्या भरवशावर गडग्यात जाऊ नका. आरशाखालच्या लेन्सवर चिखल बसला की डावीकडचा गडगा स्क्रीनवरून गायब, जागेवर मात्र असतो. आणि वरून दाखवतात ते चित्र जोडून केलेलं असतं, कडेला अंतर फसवं दिसतं. माझं नाव उगाच पडलेलं नाही.

नियमावली
सडेकर, दुसरं मॉडेल बघा. आता बऱ्याच गाड्यांत सहा एअरबॅग खालच्या व्हेरिएंटपासून मिळतात. भारत एनकॅपची चाचणी 2023 पासून सुरू आहे, तिथे तारे बघून या. आणि ईएससी आहे ना ते नक्की विचारा. ओल्या वळणावर गाडी घसरायला लागली की ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करतं. शोरूममध्ये दाखवता येत नाही म्हणून कोणी त्याचं नाव काढत नाही.

भाडं_भरतो
डिकी उघडून स्टेपनी बघितलीत का? 2020 च्या नियमानंतर टायरच्या हवेचा इशारा आणि पंक्चरचं किट दिलं की स्टेपनी नाही दिली तरी चालते. किटने खिळ्याचं भोक बुजतं. खड्ड्याच्या धारेने टायरची बाजू फाटली तर ते किट नुसतं बघत बसायचं. रात्री, पावसात, रेंज नसताना.

सडेकर
नाही बघितली. उद्या फोन करून विचारतो.

मालवणी_मेवो
फोन कित्याक? जावन बघ. आणि जाताना फणस घेवन जा, पुढच्या सीटीर ठेवन टेस्ट ड्राइव्ह घे.